उजव्या हातातली पाटली

१

पाटली गेल्याचं घरात सगळ्यांत आधी कळलं ते कृष्णाबाईंना, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं तेही एकट्या त्यांनाच.

रविवारची दुपार होती. जेवणानंतरच्या गोळीची झापड उतरली तसा त्यांना डावा हात हलका लागला. उचलून डोळ्यांसमोर धरला. मनगटावर तेलाचा ओशटपणा, आणि लग्नापासून जिथे पाटली होती तिथे कातडीची गोरी, उघडी पडलेली वळी. उजवा हात मात्र चादरीखाली, उशीवर ठेवला होता तसाच निपचित. चाचपून पाहिलं. त्या हातातली, जोडीची पाटली जागच्या जागी होती.

कृष्णाबाईंनी हाक मारली. म्हणजे 'अगो लविना, हिकरं ये, पाटली गेली' असं सबंध वाक्य मनात मीठमसाल्यासकट तयार होतं. तोंडातून निघालं ते "नाय."

पावसाळा संपता संपता मेंदूत गुठळी अडकली, तेव्हापासून त्यांच्याजवळ हा एकच शब्द उरला होता. चहा हवा तरी नाय, नको तरी नाय. सुनेच्या वाढदिवसाला आशीर्वाद दिला तोही "नाय" म्हणूनच.

लविना गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने डोकावून विचारलं, "काय मावशी, पानी हवं?"

"नाय."

"नको? बरं, पडा मग." आणि ती गेली.

संध्याकाळ होईपर्यंत कृष्णाबाई तो हलका हात छातीवर धरून पडून राहिल्या. सून तेजस्वी चहा पाजायला बसली, तिने हात धरला आणि कप तसाच खाली ठेवला.

"आईंची पाटली कुठाय?"

चंदनसारच्या त्या फ्लॅटला दुपारभर आतून कडी होती. आत होते चौघे. बोटीवर नोकरी करणारा मुलगा भूपेश, जो आठवड्यापूर्वी सुट्टीवर आला होता. तेजस्वी. चर्चमधली सकाळची मिसा आटपून राजोडीहून कामावर आलेली लविना. आणि समोरच्या फ्लॅटमधले श्रीरंग देसाई, जे रोज दुपारी पेपर वाचायला येत आणि पेपर तोंडावर घेऊन हॉलमध्ये झोपत.

भूपेश खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. तिथूनच म्हणाला, "मनगटाला तेल दिसतंय. मालिशचं तेल कोणाच्या ताब्यात असतं?"

सगळे लविनाकडे बघायला लागले.

२

डोक्याच्या आतलं घर कसं बांधलेलं असतं, हे कृष्णाबाईंना क्षितिजाने शिकवलं होतं. ही वाचा-उपचाराची मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकचा मेंदू असे, संत्र्याच्या फोडींसारखा सुटा होणारा. पहिल्याच दिवशी तिने तो चादरीवर मांडला होता. लविना, तेजस्वी, श्रीरंग, सगळे भोवती बसले होते. भूपेश तेव्हा कुठल्याशा समुद्रात होता.

"ही कपाळामागची फोड," क्षितिजा म्हणाली होती. "इथे बेत ठरतात. काय करायचं, आणि काय करायचं नाही. हिच्याच डाव्या बाजूला, कानशिलाच्या पुढे, शब्द जुळवून तोंडाला देणारी जागा. काकू, तुमची नेमकी तीच अडली. ही कानामागची जागा बोलणं समजून घेते. ती तुमची ठणठणीत आहे. पार मागे बघण्याचं खातं. खाली हा छोटा मेंदू, तोल सांभाळतो. आणि डोक्यावर हेअरबँड घालावेत तसे हे दोन पट्टे. पुढचा हातपाय हलवतो, मागच्याला स्पर्श कळतो."

कृष्णाबाईंनी ते सगळं लग्नघरासारखं लक्षात ठेवलं. कपाळामागे बसलेला यजमान. मागे बघ्यांची गर्दी. मानेवरचा छोटा मेंदू म्हणजे वाढपी, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण तो अडखळला की पंगतीत आमटी सांडलीच. आणि नेमकी निरोप घेऊन जाणारी बाई दारात पडलेली. निरोप सगळे तयार, नेणारं कुणी नाही.

"गंमत पुढेच आहे," क्षितिजाने दोन बोटं एकमेकांवरून फिरवून दाखवली होती. "वरून निघालेल्या दोऱ्या मानेजवळ एकमेकींना ओलांडतात. डाव्या मेंदूचा कारभार उजव्या अंगावर, उजव्याचा डाव्यावर. म्हणून गुठळी डावीकडे आणि हात गेला उजवा."

"म्हणजे डावीकडचं ऑफिस बंद आणि हाल उजवीकडच्यांचे," श्रीरंग म्हणाले होते. "आमच्या खात्यात हेच चालायचं."

मग क्षितिजाने गाण्याचं काढलं. बोलणं जिथे जुळतं तिथेच सूर जुळत नाहीत, सुराचा पुष्कळसा कारभार उजवीकडून चालतो, म्हणून बोलू न शकणारी माणसं कधीकधी गाऊ शकतात. तिने आरती म्हणून पाहिली, सिनेमातली गाणी म्हणून पाहिली. कृष्णाबाईंचं तोंड उघडलं नाही. ती गाणी त्यांची नव्हतीच. त्यांची कुठली, हे त्या सांगू शकत नव्हत्या आणि दुसऱ्या कुणी सांगितलं नाही.

एक खोली बंद पडलेली, बाकी सगळ्या खोल्यांत दिवे. त्या उजेडात आता कृष्णाबाई चोर शोधायला बसल्या.

३

न बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याला कपाटासारखं धरतात आणि कपाटासमोर कुणी तोंड आवरत नाही. कृष्णाबाईंना कुणाला बोलवावं लागलं नाही, एकेक जण आपल्या पायाने जबानी द्यायला आला.

पहिली लविना. डोळे पुसत तिने पाठीखालची उशी सारखी केली.

"मी म्हटलं दादांना, पोलीस बोलवा, माझी पिशवी बघा, घरी राजोडीला येऊन बघा. तर म्हनतात, नको, गरीब आहेस, तुझी बदनामी कशाला. उद्या संध्याकाळचं काम करून जा." मग म्हणाली, "मावशी, पोलीस आले असते तर बरं झालं असतं हो. आता उद्यापासून सगळ्या बिल्डिंगला माहीत, लविना चोर. मला काम कोन देनार?"

"नाय," कृष्णाबाई म्हणाल्या. जीव तोडून म्हणाल्या.

"हो ना. कोनच देनार नाय."

सोमवारी सकाळी श्रीरंग आले. त्यांनी रोजच्यासारखा कृष्णाबाईंच्या डाव्या पंजाला आपला पंजा भिडवला. "काय डावखुऱ्या बाई, लावता का पंजा?" पण आज जोर लावला नाही. "मी हॉलमध्येच होतो हो. पण माझी झोप म्हणजे... भूपेशला म्हटलं, तक्रार कर. सोनं आहे, थट्टा नाही. तर मलाच म्हणतो, काका, जाऊ द्या. एवढा मोठ्या मनाचा मुलगा पाहिला नाही बुवा."

मग ऑफिसला रजा टाकलेली तेजस्वी. ती भरवायला बसली आणि भरवता भरवता बोलायला लागली, वाटीकडे बघत.

"आई, ह्यांनी हायवेपलीकडच्या त्या शुश्रूषा केंद्रात तुमचं नाव घालून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात बोट आहे ना, त्याआधी सगळं मार्गी लावायचं म्हणतात. मी म्हटलं होतं, लविना आहे तोवर आईंना कुठे पाठवायचं नाही. आता ती नाही म्हटल्यावर मी ऑफिस कसं करू?" तिने चमचा वाटीत आपटला. "मला तुमचा कंटाळा आलाय असं समजू नका. म्हणजे कधीकधी येतो. पण तो वेगळा."

कृष्णाबाईंनी पेजेच्या चमच्यापुढून तोंड फिरवलं. केंद्रात तीस पलंग. तिथे हाताला उशी कुणी दिली असती, आणि 'नाय'चे प्रकार कुणाला कळले असते? ह्या घरात निदान लविनाला त्यातला निम्मा अर्थ लागायचा.

शेवटी भूपेश. दारातच. त्याने गेल्या आठवड्यात आगाशीहून आईसाठी सुकेळी, तिथली उन्हात सुकवलेली केळी, आणली होती. तिला आवडतात हे त्याच्या लक्षात होतं. दाराजवळच्या टेबलावर, पलंगाच्या उजव्या अंगाला पुडा ठेवत तो तेव्हा म्हणाला होता, "आये, तुझ्या हाताशी ठेवतो गो. मनात येईल तेव्हा खा." पुडा अजून तसाच होता. वर मुंग्या लागल्या होत्या.

"आये," तो आज म्हणाला, पंख्याकडे बघत. "लविनाच होती ना?"

"नाय."

"मग तेजस्वी?"

"नाय."

"मग मी?"

"नाय."

तो हॉलकडे वळून म्हणाला, "बघा काका. हिला विचारण्यात काय अर्थ आहे?"

४

दुपारी सगळे पांगल्यावर कृष्णाबाईंनी पहिल्यापासून धागा धरला.

पाटल्या दोन होत्या. चोराने एकच नेली. घाईत होता म्हणावं, तर घाईतला माणूस दारातून शिरल्यावर जो हात पहिला लागतो तो धरील. दाराकडे होता उजवा हात. चोर तो हात ओलांडून, पलंगाला वळसा घालून खिडकीकडे गेला आणि डाव्याला भिडला.

बरं, झोपलेल्या बाईच्या अंगावरचं सोनं काढायचं तर निर्जीव हातातलं काढावं. उजव्या हाताला सुई टोचली तरी कळत नव्हतं. डाव्याला माशी बसलेली कळायची. गोळीची गुंगी होती म्हणून डोळे उघडले नव्हते एवढंच. कुणीतरी जवळ बसलं, तेल लावलं, हळूहळू मनगट चोळलं, हे त्यांना अर्धवट कळलं होतं आणि लविना मालिश करतेय असं वाटून त्या पुन्हा झोपल्या होत्या.

जागा हात सोलायचा आणि झोपलेला तसाच ठेवायचा, असा उलटा चोर कोण?

लविना रोज आंघोळ घालते, उजव्या हाताखाली उशी देते. तिला डोळे बांधून विचारलं तरी चुकायची नाही. तेजस्वी नखं कापते. श्रीरंग ह्याच डाव्या हाताशी रोज पंजा लावतात. ह्या तिघांनी प्लॅस्टिकच्या मेंदूसमोर बसून दोऱ्या ओलांडल्याचंही ऐकलंय. त्यांच्यातल्या कुणाला चोरी करायची असती तर गेली असती उजव्या हातातली.

म्हणजे चोराला फक्त एवढंच ठाऊक होतं की 'डावी बाजू' गेली. कुणीतरी लांबून, फोनवर ऐकलं असावं, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आलाय. आणि मेंदूची डावी म्हणजे अंगाची डावी, असं धरून चालला असावा.

कृष्णाबाईंची नजर उजवीकडच्या टेबलावर गेली. सुकेळ्यांचा पुडा. 'तुझ्या हाताशी ठेवतो गो.'

त्यांनी डोळे मिटून घेतले. पण कपाळामागचा यजमान एकदा हिशेबाला बसला की उठत नाही. पोलीस कोणाला नको होते? लविना गेल्याशिवाय कोणाचं अडलं होतं? ज्याला सोनं हवं असतं तो पोलिसांना भितो, पण ज्याला फक्त एक माणूस घराबाहेर काढायचंय त्याला पाटली विकायचीही नसते. ती घरातच असणार.

आणि एक गोष्ट राहिलीच होती, जी त्यांनी स्वप्न म्हणून बाजूला सारली होती. पाटली उतरल्यावर त्या चोराने हात लगेच सोडला नव्हता. तळव्याखाली आपला तळवा धरून तो थोडा वेळ बसला होता, आणि मग पाठीवर थोपटावं तसं हाताला थोपटलं होतं. त्याला वाटलं असेल, मेलेल्या हाताला काय कळतंय.

आठवडाभर दारात उभा राहिलेला पोरगा आत आला होता तो असा.

कृष्णाबाईंना सगळं कळलं होतं. कोण, कसं, कशासाठी. संध्याकाळी लविना जाणार होती, तिच्यामागून त्या स्वतः. आणि तोंडात शब्द होता एक.

५

संध्याकाळी क्षितिजा आली तेव्हा दारातच घुटमळली. लविना पिशवी भरून उभी होती. जाता जाता ती म्हणाली, "ताई, तुमाला एक सांगायचं राहिलं. मावशी झोपेत गुनगुनतात. ती आरती-बिरती नाय. हळदीची गानी. आमच्यात पन लग्नात बाया गातात, म्हनून मला कळलं. मावशी गावाला धवलारीण होत्या ना."

"धवलारीण म्हणजे?"

उत्तर तेजस्वीने दिलं, जरा ओशाळून. "खाडीकाठच्या गावांत लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणतात. ते गाणारी मुख्य बाई. आमच्या लग्नात आईंनीच म्हटले होते. गाणं तेच, फक्त नवरानवरीची नावं बदलायची."

"आणि हे मला आज सांगताय?"

"विचारलं कुठं कोनी," लविना म्हणाली.

क्षितिजाने पिशवी टाकली. पलंगाच्या डाव्या बाजूला बसून कृष्णाबाईंचा डावा हात उचलला आणि चादरीवर ठेका धरला. "काकू, बोलायचं नाही. नुसती चाल धरा."

कृष्णाबाईंनी डोळे मिटले. डोक्यातली ही खोली त्यांना ठाऊक होती. इथे कडी नव्हती. घशातून आधी हवा आली, मग घोगरा सूर, आणि सुराला लोंबकळत शब्द:

"कोनाचे गो हातान सोन्याची पाटली,
मांडवान गर्दी गो दाटली दाटली..."

तेजस्वीने तोंडावर हात धरला. श्रीरंग हॉलमधून उठून आले. भूपेश दारात येऊन थांबला. पुढच्या ओळीत नाव यायचं होतं. कृष्णाबाईंनी ते मनात घट्ट धरलं, सूर वर नेला, आणि जीभ जुन्या वाटेने घसरली:

"तेजस्वीबायचे हातान सोन्याची पाटली."

सगळ्यांच्या माना तेजस्वीकडे वळल्या.

"मी?" ती म्हणाली. "आई, मी कशाला..."

"नाय!" कृष्णाबाई म्हणाल्या. "नाय, नाय!" लग्नात त्या जागी तेच नाव गायलं होतं, म्हणून तेच आलं. घर त्यांचं, खोली त्यांची, आणि दारातून बाहेर पडलं ते भलतंच माणूस. त्यांनी भूपेशकडे पाहिलं. तो आत्ता बोलू शकत होता. बायकोचा चेहरा उतरलेला त्याला दिसत होता. त्याने मान खाली घातली.

कृष्णाबाईंचा उरलासुरला संकोच तिथे संपला. त्यांनी डावा हात क्षितिजाच्या हातातून सोडवून घेतला आणि स्वतः ठेका धरला. आधीपेक्षा हळू. जिथे नाव येतं तिथे बोटं जोरात आपटायची, असं ठरवून.

"कोनाचे गो हातान... सोन्याची पाटली..."

ठेका. ठेका. बोटं चादरीवर आपटली.

"भूपेशबालाचे... हातान... सोन्याची पाटली."

"आई, चुकलं," तेजस्वी अजून त्याच धक्क्यात म्हणाली. "पाटलीला नवरीचं नाव येतं. नवऱ्याच्या हातात कुठे पाटली..."

आणि तिने वळून भूपेशकडे पाहिलं.

"नाय," कृष्णाबाई म्हणाल्या. मग ती ओळ त्यांनी पुन्हा गायली, त्याच नावाने, एकही सूर न हलवता.

६

कुणी काही विचारायच्या आत श्रीरंग पुढे झाले. त्यांची नजर सुकेळ्यांच्या पुड्यावर होती.

"भूपेश," ते म्हणाले, "हा पुडा तू इकडे का ठेवलास रे?"

"तिच्या चांगल्या हाताजवळ."

"चांगला कुठला?"

"हा. उजवा." तो चिडून म्हणाला. "डावी बाजू गेलीय ना तिची. मला स्वतः डॉक्टरांनी फोनवर सांगितलं."

लविनाने पिशवी खाली ठेवली.

"मेंदूची डावी," क्षितिजा हळूच म्हणाली. "हात उजवा गेलाय, भूपेशदादा. डाव्या हाताला त्यांना सगळं कळतं."

भूपेशने आईकडे पाहिलं. घरी आल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. "सगळं?" त्याने विचारलं.

कृष्णाबाईंनी डावा हात उलटा करून चादरीवर ठेवला आणि हवेत थोपटल्यासारखं केलं. दोनदा. त्याला कळलं. दाढीच्या सामानाची बॅग उघडायला तो आतल्या खोलीत गेला, आणि परत आला तेव्हा पाटली त्याच्या मुठीत होती.

"मला तिला असं बघवत नव्हतं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "तू ऐकत नव्हतीस, तेजस्वी. मी बोटीवर, तू एकटी मरणार हे सगळं करून. म्हटलं लविना गेली की तू हो म्हणशील. पाटली मी नंतर सापडली म्हणून काढणार होतो."

"आणि मी?" लविना म्हणाली. "मी नंतर कुठं सापडनार होते?"

तेजस्वी त्याच्याकडे बघतही नव्हती. "केंद्राला फोन करा," ती म्हणाली. "आणि समोरच्या, वरच्या, खालच्या घरांत जाऊन स्वतः सांगा. लविनाने नाही, मी. ह्याच शब्दांत."

तो दारातून आत आला आणि पलंगाजवळ उभा राहिला. "आये, कुठला हात?"

कृष्णाबाईंनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, चादर बाजूला केली आणि त्याचा हात आपल्या उजव्या हातावर नेऊन ठेवला. थंड, जड, बोटं आत वळलेला हात. त्याने तो धरला. सोडला नाही. त्याचे खांदे हलायला लागले, तेव्हा त्यांनी त्याला हलू दिलं. मग डावा हात पुढे केला.

पाटली बोटांच्या गाठीशी अडकली.

"तेल लावा दादा," लविना म्हणाली आणि बाटली त्याच्या हातात ठेवली. "काढताना लावलं होतं ना? मग घालताना पन लावा." तिने पिशवी उचलली. "मावशी, मी उद्या येते. आज नाय. आज माझं डोकं ठिकाणावर नाय."

ती गेल्यावर भूपेशने तेल लावून पाटली मनगटावर चढवली. मग त्याने विचारलं, "आये, रागावलीस माझ्यावर?"

"नाय," कृष्णाबाई म्हणाल्या.

त्यातला अर्थ त्याला लागला नाही. लागायला इथे राहावं लागलं असतं, लविनासारखं, रोज. तो उठला, टेबलावरचा पुडा घेऊन गॅलरीत गेला, मुंग्या झटकल्या, वरची खराब झालेली सुकेळी टाकून दिली. परत येऊन त्याने पलंगाला वळसा घातला आणि पुडा डाव्या बाजूला, खिडकीखाली ठेवला.

ठेवून झाल्यावर, आईचा हात तिथवर पोचतो का, हे बघायला तो थांबला.